त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने

मोटारीचं इंजिन बदलायचं तर मोटारीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर व्हावा लागतो, हे शालनआक्का इंगवल्यांना ठाऊक होतं. त्यासाठी चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते, हे मात्र त्या विसरल्या होत्या.

मोटार बावन्न सालची, काळी, विलायती. घेतली होती आक्कांच्या सासऱ्यांनी. ते सहकारातले जुने कार्यकर्ते. हाताला लागेल ते त्यांनी सहकारात आणलं. आधी दूध आणलं, मग पिठाची गिरणी, आणि मग ही मोटार. तिची रीतसर संस्था नोंदवली, एकशे बारा सुट्या भागांना सभासद करून घेतलं, पोटनियम छापले. मोटार चालवणारा तो पदसिद्ध सचिव. सासरे गेले, यजमान गेले, आणि किल्ली व इतिवृत्ताची वही दोन्ही आक्कांकडे आली.

आक्कांचं माहेर सातमाळला, घाटाच्या डोक्यावर. चौदा वळणं चढून जावं लागतं. नऊ वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला जाताना बाराव्या वळणावर रेडिएटर उकळला आणि मोटारीने पुढचे दिवे लावून तिथेच तातडीची सभा बोलावली. गणपूर्ती झाली नाही, तेव्हा नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली. यात नवल काही नव्हतं. अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा भरायची, तिला गणपूर्ती लागत नसे, आणि तेवढ्यात पाणीही निवलेलं असायचं. पण दहाव्या मिनिटाला वरून ट्रॅक्टर आला. आक्कांचे थोरले भाऊ दौलतदादा यांनी पाठवलेला. मुहूर्त टळेल म्हणून ड्रायव्हरने साखळी अडकवली आणि मोटार ओढत थेट मांडवाच्या दारात नेली.

दादा पाहुण्यांना म्हणाले, "आमची शालू आली बघा, ट्रॅक्टरचं शेपूट धरून."

मांडव हसला. आक्कांनी अक्षता टाकल्या, आणि न जेवता निघताना दादांना सांगितलं की आता येईन ती ह्याच गाडीतनं, कुणी न ओढता. दादा म्हणाले, मग मीही एक पायरी खाली उतरणार नाही. दोघं एकाच आईची लेकरं. नऊ वर्षं तिने वर पाहिलं नाही आणि त्याने खाली. आक्कांना दर भाऊबीजेला रडू यायचं, आणि त्या ते भांडी घासताना उरकून घ्यायच्या.

आणि आता भाच्याचा फोन आला होता. दादांनी अंथरूण धरलंय. आठवडाभर अन्नाला शिवत नाहीत, नुसते पेजेच्या पाण्यावर आहेत. आत्या, एस्टीनं ये, दोन तासांत पोचशील.

दस्तगीर मिस्त्रींनीही हेच सांगितलं. तीस वर्षं ही मोटार त्यांच्याच हाताखाली होती. ते म्हणाले, "आक्का, ह्या इंजिनात आता जीव न्हाई. सपाटीला चालतंय, घाट न्हाई चढायचं. एस्टी धर. दादा मोठा का शब्द मोठा?"

"दोन्ही," आक्का म्हणाल्या. "दुसरं इंजिन बघ."

दस्तगीरना कोल्हापुरात एका भाजीच्या पिकअपचं डिझेल इंजिन मिळालं, पाच गिअरच्या पेटीसकट. पिकअप पुढून धडकून मोडला होता, पण इंजिनाला ओरखडा नव्हता. ते दोन दिवसांत आलं. मग चौदा दिवस ते गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून राहिलं, कारण नोटीस त्याच दिवशी डॅशबोर्डवर लागली होती आणि कायदा कुणाच्या आजारपणासाठी थांबत नाही की पळत नाही. आक्का रोज सकाळ-संध्याकाळ भाच्याला फोन करायच्या. उत्तर एकच यायचं: आहेत अजून.

पंधराव्या दिवशी सहकार खात्यातून हुद्दार नावाचे अधिकारी आले. त्यांनी आधी नोटिशीची दुसरी प्रत मागच्या बंपरवर आहे की नाही ते पाहिलं, कारण मागच्या दिव्यांना डॅशबोर्ड दिसत नाही आणि याच मुद्द्यावर शेजारच्या तालुक्यात एका जीपची सभा रद्द झाली होती. प्रत होती. मग त्यांनी सभासद मोजले. दारं आणि मडगार्ड रंगाऱ्याकडे गेलेले, सीट गादीवाल्याकडे, बाकीचे कित्येक सुटे होऊन पेंटच्या डब्यांत. हजर एकोणीस. गणपूर्तीला तेवीस हवे होते.

"सभा अर्धा तास तहकूब," हुद्दार म्हणाले आणि त्यांनी घड्याळ काढून बॉनेटवर ठेवलं.

चहा आला. आक्कांनी घेतला नाही. त्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या.

अर्ध्या तासाने सभा त्याच ठिकाणी भरली. सध्याचे इंजिन व तीन गिअरची पेटी काढून त्या जागी डिझेल इंजिन व पाच गिअरची पेटी बसवण्यास मान्यता द्यावी, असा ठराव आक्कांनी मांडला. हुद्दारांनी अनुमोदक कोण म्हणून विचारलं. कुणी हाललं नाही. हॉर्न गप्प. वायपर गप्प. मागच्या चाकांपर्यंत जाणारा शाफ्ट तर उघड विरोधात होता, कारण नवी पेटी लांब असल्याने त्याला चार इंच कापावं लागणार होतं. जुनी गिअरची पेटी बासष्ट सालापासून दुसऱ्या गिअरला कुरकुर करत आलेली. तिने आज तेवढंही केलं नाही. एका जागी सत्तर वर्षं काढलेल्या माणसाला जा म्हणायला कोण पुढे होणार?

अनुमोदनाशिवाय ठराव पडणार, पुन्हा चौदा दिवस, आणि चौदा दिवस दादांकडे नव्हते. हुद्दारांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

तेवढ्यात जुनं इंजिन एकदा खोकलं. किल्ली आक्कांच्या कमरेला होती.

हुद्दारांनी टोपण पुन्हा काढलं, पोटनियम चाळले, आणि ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्यानेच अनुमोदन देण्यास कोणतीही बंदी नाही, असा निर्णय दिला. मतदान झालं. पुढचे दिवे लागले, हॉर्न वाजला, उजव्या वायपरने हात वर केला, डावा तटस्थ राहिला. अकरा विरुद्ध सहा, दोन तटस्थ. ठराव मंजूर.

"पण एक आहे," हुद्दार म्हणाले. "संस्थापक सभासदाला काढता येत नाही. जागा तेवढी बदलता येते."

म्हणून जुनं इंजिन डिकीत जाईल असं ठरलं, आणि त्याची गिअरची पेटी त्याच्यापासून सुटायला तयार नसल्याने तीही. डिकीतली स्टेपनी टपावरच्या कॅरियरवर गेली. सत्तर वर्षांत तिने पहिल्यांदा उजेड पाहिला.

नऊ दिवस दस्तगीर आणि आक्का गॅरेजमधून हलले नाहीत. इंजिन ठेवायच्या पट्ट्या जुन्या जागी बसेनात, त्या कापून नव्या वेल्ड केल्या. डिझेल इंजिन दोन बोटं उंच, तेव्हा बॉनेटला आतून ठोकून जागा केली. गिअरच्या दांड्यासाठी तळाच्या पत्र्याला नवं भोक पाडलं. शाफ्ट चार इंच कापून जोडला. तो त्यानंतर आठवडाभर कुणाशी बोलला नाही. अडुसष्टाव्या वर्षी आक्का गाडीखाली पाठ टेकून नट आवळत होत्या, आणि सून ओरडली तर म्हणत होत्या, "नंतर रागव, आधी तेरा-चौदाचा पाना दे." जुनं इंजिन चेनपुलीवर लोंबकळत डिकीकडे निघालं तेव्हा त्यांनी पदराने त्याच्यावरचं तेल पुसलं. त्या वेळी त्या रडल्या, आणि भांडी जवळ नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी आक्का एकट्याच निघाल्या. नवं इंजिन पिकअपच्या सवयीने दर बाजाराच्या गावाला जरा हळू व्हायचं, पण चढाला कसलेलं होतं. पहिली अकरा वळणं त्याने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये काढली. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. बाराव्या वळणावर मोटार हळूच कडेला झाली, थांबली, आणि पुढचे दोन्ही दिवे लागले.

आक्कांनी बॉनेट उघडलं. पाणी थंड होतं. डिझेल होतं. मग त्यांनी इतिवृत्ताची वही काढली आणि नऊ वर्षांपूर्वीचं पान उघडलं. सभा अर्धा तास तहकूब, असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्याच्या खाली कोरं होतं. दहा मिनिटं झाली होती, तेव्हा ट्रॅक्टर आला होता. वीस मिनिटं बाकी होती.

त्यांनी भाच्याला फोन करून सांगितलं की बाराव्या वळणावर आहे, काही बिघडलेलं नाही, वीस मिनिटं लागतील. मग कठड्यावर बसून घड्याळ मांडीवर ठेवलं.

सातव्या मिनिटाला वरून ट्रॅक्टर आला. तोच. भाचा चालवत होता, आणि मागे ट्रॉलीत गादीवर, कांबळं गुंडाळून, दौलतदादा बसले होते. एक पायरी न उतरणारा माणूस दोन वळणं उतरून आला होता. हातांच्या काड्या झालेल्या. ट्रॉलीच्या फळीला साखळी लोंबत होती. आक्कांनी साखळीकडे पाहिलं, मग दादांकडे.

"ती न्हाई काढायची," दादा म्हणाले. "मी बसाय आलोय."

भाच्याने त्यांना उचलून आक्कांशेजारी कठड्यावर टेकवलं. दादांनी ट्रॅक्टर बंद करायला सांगितला. तेरा मिनिटं दोघं बसून राहिले. दादांनी डिकीत काय आहे म्हणून विचारलं, आक्कांनी सांगितलं. दादा म्हणाले, बरं केलंस.

वेळ संपली तशी आक्का उठल्या. सभा त्याच ठिकाणी सुरू झाल्याचं त्यांनी लिहिलं. मागील इतिवृत्त वाचून कायम केलं. विषयपत्रिकेवर दुसरं काही नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी विचारलं, "आयत्या वेळचा कुणाचा काय विषय?"

दादांनी कांबळं खांद्यावर ओढलं. "माझा हाय. तवा मी ट्रॅक्टर पाठवाय नको हुता. पाठवला तर पाठवला, पर ते मांडवात बोलाय नको हुतं. लिही."

आक्कांनी लिहिलं. अक्षर स्वच्छ आलं. मग पेन तसंच धरून त्यांनी विचारलं, "अनुमोदक?"

भाचा सभासद नव्हता. पुढे नवं इंजिन बंद होतं, आणि त्याला अजून मताचा अधिकार मिळाला नव्हता.

डिकीत, तेलाला नाही, वायरीला नाही, कशालाच न जोडलेलं जुनं इंजिन एकदा खोकलं.

आक्कांनी नोंद केली, सभा संपल्याचं लिहिलं आणि वही मिटली. दादांना पुढच्या सीटवर बसवलं, कांबळं पायाखाली नीट खोचलं. ट्रॅक्टरला त्यांनी मागून यायला सांगितलं. उरलेली दोन वळणं मोटार दुसऱ्या गिअरमध्ये चढली, आणि दारात उतरल्या उतरल्या दादांनी सुनेला विचारलं की जेवायला काय केलंय.