लिफाफा मास्तर आणि काकूंचं मत

आमच्या देवळी गावात वासुदेव मास्तरांच्या घरी गेलं, की पाण्याचा पेला मिळायच्या आधी हातात दोन लिफाफे पडतात. एक लहान, एक मोठा. जुन्या वर्तमानपत्राचे, घरी खळ लावून चिकटवलेले. सोबत दोन चिठ्ठ्या. एकीवर लिहिलेलं असतं ‘मत’, दुसरीवर ‘घोषणापत्र’. मास्तर खुर्चीत मागे टेकतात आणि म्हणतात, "हं, भरून दाखवा."

मग तुम्ही गॅसचं सिलिंडर घेऊन आलेले असा, की मुलीचं स्थळ घेऊन. सुटका नाही.

बरोबर उत्तर असं आहे. मताची चिठ्ठी लहान लिफाफ्यात घालायची आणि तो चिकटवून टाकायचा. मग तो लहान लिफाफा आणि घोषणापत्र, दोन्ही वेगवेगळे, मोठ्या लिफाफ्यात टाकायचे. मताचा मालक कोण ते घोषणापत्र सांगतं, आणि मत कोणाला ते कोणालाच कळत नाही. पण बहुतेक माणसं घोषणापत्र घडी घालून लहान लिफाफ्यातच कोंबतात. तसं झालं रे झालं की मास्तर टाळी वाजवतात. "गेलं! मत बाद! मोठा उघडला, घोषणापत्र दिसलं नाई, लहान उघडतच नाई कोनी. घ्या आता, पानी प्या."

मी त्यांची शेजारीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निवडणूक आली की आम्हा शिक्षकांना ड्यूटी लागते, ड्यूटी लागली की स्वतःच्या गावचं मतदान केंद्र सुटतं आणि मत टपालानं द्यावं लागतं. पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मास्तरांनी सलग तीन दिवस माझी शिकवणी घेतली. मी वैतागून म्हटलं, "काका, मी डी.एड. झाले आहे."

"म्हनूनच भेव वाटते बाई," ते म्हणाले. "अडानी मानूस विचारून करते. शिकेल मानूस न वाचता सही करते."

मास्तरांनी उभ्या नोकरीत एकही निवडणूक चुकवली नाही. लोक ड्यूटी रद्द करायला डॉक्टरचं सर्टिफिकेट आणत, हे ताप अंगात घेऊन पेटी आणायला हजर. प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारत. जेवणाची सुट्टी यांच्या प्रश्नांपायी कितीदा तरी बुडाली म्हणतात, आणि सोबतचे शिक्षक त्याबद्दल अजूनही चांगलं बोलत नाहीत.

या लिफाफ्याच्या वेडाचं मूळ मला कमलकाकूंनी सांगितलं, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत, एकेक पान खुडत सांगितलं.

"तुह्या काकाची मतमोजनीले ड्यूटी लागली होती. टपालाच्या टेबलावर. लिफाफा उघडे, पाहे, बाजूले ठेवे. एक लिफाफा उघडला तं अंदर घोषणापत्रच नाई. ‘कोन बयताड हाय हा’ म्हनून लिफाफ्यावरची सही पाह्यली, तं त्याचीच!"

"मग?"

"मंग काय! सोताच्या हातानं बाद केलं. घरी आला न दोन दिवस जेवला नाई. जसं कोनी मेलं घरात." काकू हसता हसता खोकायला लागल्या. आतून मास्तर ओरडले, "नियम म्हंजे नियम! त्यात हासाचं काय हाय?"

काकू अशा होत्या. शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण मास्तरांना पुरून उरत. आणि मास्तरांना आयुष्यभर सलणारी गोष्ट लिफाफा नव्हतीच. ती काकूंचं मत होती. लग्न झाल्यापासून काकू दर निवडणुकीला नवं लुगडं नेसून केंद्रावर जात, बोटाला शाई लावून येत, आणि कोणाला मत दिलं ते मास्तरांना सांगत नसत.

मास्तर विचारत, "कोनाले टाकलं?"

"जिथं टाकाचं तिथं टाकलं."

यापुढे एक अक्षर नाही. मास्तरांनी सगळे उपाय करून पाहिले. तर्री-पोहे आणले, लुगडं आणलं, एकदा तर बोलणं सोडलं. काकूंना ते उलट मानवलं. निकालाच्या दिवशी मास्तर टीव्हीकडे कमी आणि काकूंच्या तोंडाकडे जास्त पाहत. काकू तुरीच्या शेंगा सोलत बसत. सरकार आलं, सरकार पडलं, शेंगा सोलणं सुरूच. "पोटात ठेवते हो ही बाई," मास्तर मला सांगत. "नवऱ्याले सांगाले काय होते? मी का कोनाले सांगतो?" ते सगळ्या आळीला सांगत, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात महिनाभर ठेवलं. परत आल्या त्या खाटेवरच. डावा हात तेवढा हले. नजर छताकडे. डॉक्टर म्हणाले, कितपत समजतं ते सांगता येत नाही. आल्या-गेल्यांनी मात्र लगेच सांगून टाकलं, "आता काई समजत नाई तिले." तेही काकूंच्या उशाशी बसून.

मास्तर त्यांना भरवत, पुसत, पेपर वाचून दाखवत. भांडतही. "मीठ कमी हाय म्हन ना! म्हन!" असं मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे.

मग लोकसभेची निवडणूक आली. पंच्याऐंशीच्या वरच्यांना घरी बसून मत देता येतं, आधी अर्ज भरायचा, मग टीमच कागद-लिफाफे घेऊन घरी येते. मास्तर सत्त्याऐंशीचे, काकूंचंही कागदावर वय भरत होतं. मास्तरांनी दोघांचे अर्ज आधी पेन्सिलीनं भरले, मग पेनानं. पुण्याच्या मुलाला कळलं तेव्हा त्याचा फोन आला. मी तिथेच होते, आणि मास्तर फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात.

"बाबा, तुमचं द्या ना. आईचं कशाला? तिला काय कळतंय?"

"तिचं नाव यादीत हाय," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काकूंची तयारी सुरू. मास्तरांनी पुठ्ठ्यावर मतपत्रिका काढली. नाव आणि चिन्ह, चिन्ह आणि नाव. उमेदवार म्हणजे वांगं, भेंडी, कोहळं आणि चवळीच्या शेंगा. पुठ्ठा काकूंच्या डाव्या हाताशी धरत. "हं, कोन पाहिजे? बोट ठेव."

काकूंचा हात कधी हलायचा, कधी नाही. एकदा घसरून भेंडीवर पडला. मास्तर धावत माझ्याकडे आले. "भेंडी म्हने! बाई, भेंडी निवडून आली!" त्या दिवशी त्यांनी भेंडी केली. मी चव घेतली. काकू बोलू शकत नव्हत्या ते एका अर्थी बरं झालं. पण खरं सांगायचं तर हात ठेवला नव्हता, नुसता पडला होता. मास्तरांनाही ते माहीत असावं, कारण दुसऱ्या दिवशी पुठ्ठा पुन्हा पहिल्यापासून.

आळीला मात्र वेगळाच चेव आला होता. आजारी मतदाराच्या वतीनं खूण करायला जवळचं माणूस चालतं, हे सगळ्यांना कळलं होतं. पानठेल्यावरून आवाज यायचे, "मास्तर, आता तं समजनच! काकू कोनाले टाकते ते!"

"आता सुटते का?" मास्तर मिशीत हसत.

टीम आली त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. दोन अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. मास्तरांनी कूलरमध्ये दोनदा पाणी भरलेलं. मला सकाळपासून बोलावून ठेवलं होतं. मास्तरांचं स्वतःचं मत वीस मिनिटं चाललं. त्यांनी घोषणापत्र मोठ्यानं वाचलं, लिफाफा उजेडाकडे धरून तपासला, आणि तरुण अधिकाऱ्याला थांबवून विचारलं, "साहेब, लहान लिफाफ्यात काय काय जाते?" अधिकाऱ्यानं बरोबर उत्तर दिलं. मास्तर जरा नाराजच झाले.

मग काकू. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. अधिकारी म्हणाले, "काका, यांच्या वतीनं तुम्हीच करा. त्यांनी बोट दाखवायचं, तुम्ही खूण करायची. गुप्तता पाळायची, एवढं ध्यानात ठेवा."

मास्तरांनी पेन घेतलं. साठ-बासष्ट वर्षांचं उत्तर आडोशामागे होतं. ते खाटेच्या कडेला बसले आणि मतपत्रिका काकूंच्या हाताशी धरली. "कमल, ठेव बोट. खरंखुरं हाय आज."

काकूंनी छतावरची नजर काढली. मास्तरांकडे पाहिलं. आणि डावा हात हळूहळू ओढत नेऊन चादरीखाली लपवला.

मास्तरांनी चादर बाजूला केली. काकूंनी हात पाठीखाली सरकवला. मूठ घट्ट आवळलेली.

अधिकारी घड्याळ पाहून म्हणाले, "काका, त्यांची इच्छा नाही असं दिसतं. किंवा समजत नसेल. तसं नोंदवतो आम्ही."

"थांबा," मास्तर म्हणाले. ते काकूंकडे बघत होते. मग एकदम उभे राहिले. "ती देनार हाय मत. मी इथं हाओ म्हनून देऊन नाई राह्यली. बाई, तुमी या. हे घ्या पेन."

आणि ते अंगणात गेले. चप्पल न घालता, त्या उन्हात, दाराकडे पाठ करून उभे राहिले.

मी गुप्तता पाळायचं लिहून दिलं आणि आडोशामागे बसले. काकूंनी दारापर्यंत नजर नेली. तिथे कोणी नाही याची खात्री केली. मग पाठीखालून हात काढला आणि बोट ठेवलं. पडलं नाही, ठेवलं. मी विचारलं, "हेच ना काकू?" त्यांनी पापणी मिटली. मी खूण केली, त्यांनी पुन्हा पाहिली, मगच कागद सोडला. कोणाला मत दिलं ते मला विचारू नका. लिहून दिलं आहे.

टीम गेली. मास्तर अजून अंगणातच. मी म्हटलं, "काका, पाय भाजतील. आत चला."

"हात काढला न तिनं?"

"हो."

"सोताहून?"

"सोताहून. आधी तुम्ही नाही ना, ते पाहून घेतलं."

मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं तोंड झाकलं. म्हातारा हुंदके देऊन रडत होता. शेवटी ते म्हणाले, "दोन वर्सं झाले बाई. सारे म्हनत, ती अंदर नाईच. मलेही वाटे. मी खोटं कायले बोलू? मलेही वाटे. हाय ती. पुरीच्या पुरी हाय."

मग ते आत गेले, खाटेशी बसले आणि काकूंना दटावणीच्या आवाजात म्हणाले, "सांगजो नको मले. बिलकुल सांगजो नको."