मालतीची साक्ष

वाघळखेडे बुद्रुक येथील लोकसेवा सार्वजनिक वाचनालयात नियमित वाचक एकच होती, आणि ती आंधळी होती. बाकीचे सभासद येत नसत असं नाही. कुणी वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिराती पाहायला येई, कुणी घोडेगावच्या बाजाराला जाणारी एसटी येईपर्यंत सावलीला टेकायला येई, आणि अध्यक्ष काकासाहेब भिंतीवरचा स्वतःचा फोटो सरळ आहे ना, ते पाहायला येत. पुस्तकाला हात लावल्याचा आळ मात्र कुणावर येऊ शकला नसता.

बनुबाईला अक्षर उशिरा भेटलं. साक्षरतेच्या मोहिमेत, चाळिशीला टेकल्यावर, नातवाच्या पाटीवर तिनं ग म भ न गिरवलं. मग मात्र ती थांबेचना. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचल्याबिगर चुलीत जात नसे. तेवढ्यात काचबिंदू आला. नगरचे डॉक्टर म्हणाले, "बाई, उशीर केलात." उशीर झाला होता हे खरंच होतं, पण बनुबाईच्या मते तो डोळ्यांनी नव्हे, अक्षरांनी केला होता.

तेव्हापासून बद्रुन्निसा तिला वाचून दाखवी. ही मोहियोद्दीन शिंप्याची बायको, सातवी शिकलेली. घरी दोघींनाही जागा नव्हती. एकीकडे सुनांची धुसफूस, दुसरीकडे मशीनची खडखड. म्हणून दुपारी वाचनालयाच्या ओट्यावर बैठक बसे. पुस्तक घरी न्यायचंच नसल्यामुळं देवघेवीच्या वहीत त्याची नोंद कधी होत नसे. ही बारीकशी बाब ध्यानात ठेवावी. वाचनालयानं पुढं ती चांगलीच ठेवली.

त्या दुष्काळाच्या साली निम्मं गाव खडी फोडायला गेलेलं, आणि ओट्यावर एक जाडजूड कादंबरी चाललेली. तिचा पुठ्ठा सुटला होता; बद्रुन्निसानं तो मशीनच्या दोऱ्यानं दुहेरी टाके घालून शिवला होता. कादंबरीतल्या मालतीचा नवरा बारा वर्षांमागं परागंदा झालेला. आता एक इसम येऊन म्हणत होता, मीच तो. प्रकरण कोर्टात गेलं होतं.

"'हा इसम तुझा पती आहे काय?' न्यायमूर्तींनी विचारले," बद्रुन्निसा वाचत होती. "सारी कचेरी स्तब्ध झाली. मालतीने मान वर केली आणि..."

"थांब गं बद्रू," बनुबाई म्हणाली. "घोटभर पानी पिऊ दे. माझ्याच्यानं ऐकवत न्हाई."

"तुमी काय म्हनला असता, मावशी?"

"मी? मी म्हनलं असतं, आदी खोकून दाव."

दोघी हसत बसल्या. त्या हसण्यात पान तसंच राहिलं, कारण ग्रंथपाल कानिफनाथ हातात कागद घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "बनुमावशी, तुमचं नाव जिल्ह्याला गेलंय."

झालं होतं असं. ते साल ग्रंथवर्ष म्हणून पाळायचं ठरलं होतं. त्यानिमित्त वरून परिपत्रक आलं: आपल्या वाचनालयात अंध वाचक किती, याची माहिती उलट टपाली कळवावी. जिल्ह्यातल्या सगळ्या शहाण्या ग्रंथपालांनी 'निरंक' असं लिहून कागद परत धाडला. कानिफनाथ नवा होता. त्यानं खरं ते लिहिलं: एक. सरकारी कामात खरं लिहिल्यावर जे होतं, तेच झालं. योजना मंजूर झाली.

कार्यकारी मंडळाची तातडीची सभा भरली. अंध वाचक विभागासाठी अनुदान आलं होतं आणि ते वर्षअखेरीच्या आत खर्ची टाकणं भाग होतं. पाठीमागची लाकूडफाट्याची खोली झाडून घेतली. तिथं काचेचं कपाट आलं. प्रकाशयोजना या शीर्षाखाली दोन नळकांड्यांचे दिवे आले. गावात वीज काकासाहेबांच्या विहिरीपर्यंतच पोचली होती, तेव्हा दिवे लागण्याचा प्रश्न नव्हता, आणि ज्यांच्यासाठी ते होते त्यांची काही तक्रार नव्हती. दारावर पाटी लागली: अंध वाचकांनी कृपया येथे यावे.

"पर काकासाहेब, ही पाटी तिला दिसनार कशी?" एका सभासदानं विचारलं.

काकासाहेबांनी विचार केला. ते अविचारी गृहस्थ नव्हते. "अक्षर मोठं काढा," ते म्हणाले.

विभाग झाला म्हटल्यावर नियम आले. दुसऱ्या दिवशी दोघी ओट्यावर येऊन बसल्या, बद्रुन्निसानं पदर सावरून पुस्तक आणायला आत पाऊल टाकलं, तर कानिफनाथ दारात आडवा. त्याला बिचाऱ्याला मान वर करवत नव्हती.

"आता ओट्यावर वाचता यायचं न्हाई, भाभी. ओटा सर्वसाधारण विभागात मोडतो. तिथं शांतता राखायची हाय."

"आन् आजवर?"

"आजवर अंध विभाग नव्हता ना."

"मग आमी त्या खोलीत बसतो की. मालती तिकडं कोर्टात उबी हाय बाबा, बिचारीचे पाय दुखले असतील."

"मावशींना बसता येईल. तुमाला न्हाई," कानिफनाथ म्हणाला. "तुमाला दिसतं."

बद्रुन्निसाला आधी कळलंच नाही. तिनं आपल्या डोळ्यांना हात लावून पाहिला. मग काकासाहेबांनी आतून खुलासा केला. अंधांची सोय डोळस माणसानं वापरणं म्हणजे अनुदानाचा अपहार. आज एक शिंपीण बसेल, उद्या सारं गाव बसेल. कादंबरी तरी बनुबाईच्या हाती द्यावी, तर ती छापील. छापील पुस्तक अंध विभागात ठेवणं म्हणजे अंधांची क्रूर चेष्टा, आणि असली चेष्टा काकासाहेब हयात असेतो या वाचनालयात होणार नव्हती.

"मग मी वाचू तरी काय, काकासायब?" बनुबाईनं विचारलं.

"तुमची पुस्तकं निघालीत," काकासाहेब मायेनं म्हणाले. "रेल्वेनं."

परत जाताना बद्रुन्निसा बनुबाईचा हात धरून चालली होती. "मावशी, मी गुपचूप जाऊन पुढचं पान बगून येते. येऊन सांगते."

"न्हाई," बनुबाई म्हणाली. "एकटीनं फुडं जायचं न्हाई, आसं ठरलंय आपलं. ऐकू तर दोघी ऐकू."

पुस्तकं आली. मोठाले, उशीएवढे ग्रंथ. काकासाहेबांनी पहिला उघडला आणि चष्मा पुसला. पान पांढरंफेक. दुसरं पान पांढरंफेक. शेवटपर्यंत शाईचा ठिपका नाही.

"छापायचं राहिलं का काय?" कानिफनाथ म्हणाला.

काकासाहेबांना मात्र सरकारचं कौतुक वाटलं. "अरे, आंधळ्या माणसाला छपाई हवी कशाला? याला म्हणतात काटकसर. पण माल खराब धाडलाय. कागद बघ, सगळा फोड आल्यासारखा. गाडीत सादळला असणार." सोबत एक इंग्रजी पत्र होतं. ते आदरपूर्वक फायलीत लावलं गेलं.

बनुबाईला बोलावलं होतं, पोच म्हणून सही करायला. सही तिला येत होती. डोळे गेले तरी हाताला ती वळणं आठवत होती. सही करून झाल्यावर तिचा हात सहज त्या उघड्या पानावर पडला, आणि तिथंच राहिला.

"ह्ये फोड न्हाईत, काकासायब," ती हळूच म्हणाली. "पाभरीनं पेरल्यावानी रांगा हाईत. कायतरी लिवलंय हितं."

"बाई, तुम्हाला दिसत नाही म्हणून तसं वाटतं," काकासाहेब म्हणाले.

बनुबाईनं हात काढून घेतला. पण त्या रात्री बोटांची टोकं एकमेकांवर घासत ती बराच वेळ जागी होती. कुणी शिकवलं तर? पाटीवर ग म भ न गिरवलं, तसं पुन्हा पहिल्यापासून? एकदा उशीर झाला, दुसऱ्यांदा तरी वेळेवर.

इकडं जिल्ह्याच्या साहेबांच्या पाहणीची तारीख आली होती. फोड आलेली पुस्तकं साहेबांपुढं ठेवणं शोभलं नसतं. ग्रंथ मोहियोद्दीनच्या दुकानी गेले. मोहियोद्दीननं कोळसे फुलवले, पानांवर ओलं फडकं टाकलं आणि जीव ओतून इस्त्री फिरवली. कामात त्याची खोट काढायला जागा नव्हती. ग्रंथ परत आले ते लग्नातल्या सदऱ्यासारखे, सुरकुती नाही की पुळी नाही. काकासाहेबांनी पानावर पालथा हात फिरवला आणि म्हणाले, "आता कुठं पुस्तक वाटतंय."

ग्रंथ कपाटात गेले. कपाटाला कुलूप लागलं. काचेवर चिठ्ठी लागली: पुस्तकांना हात लावू नये.

पाहणीच्या दिवशी साहेब जीपमधून आले. हार झाले, चहा झाला. साहेब हळवे होते. काचेतून ते गुळगुळीत ग्रंथ पाहूनच त्यांनी रुमाल काढला. म्हणाले, "आजींना वाचताना पाहायचंय."

बनुबाईला नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलं होतं. मांडीवर ग्रंथ उघडला गेला. छायाचित्रकारानं बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. बनुबाईनं पानावर हात फिरवला. वरून खाली, मग पान उलटून पुन्हा. पाभरीच्या रांगा गेल्या होत्या. नुसतं माळरान.

"वाचा ना," साहेब म्हणाले. "संकोचू नका."

बनुबाईचा पडलेला चेहरा सावकाश वर आला. तिनं गुळगुळीत पानावर बोट टेकवलं, घसा साफ केला आणि पोथी वाचावी तशा संथ सुरात सुरू केलं.

"मालतीनं मान वर केली. म्हनली, जजसायब, तुमी इचारता ह्यो मानूस तुजा हाय का. वळखायचा म्हनल्यावर त्याला हात लावाय लागतो, आन् तुमी त्याला काचंच्या आड ठिवलाय. जिला म्हाईती ती माजी मैतरीन, तिला तुमी भाईर उबी केली, का, तर तिला दिसतं. आन् मला म्हनता बोल. बोलू कशी? वर पाटी हाय, शांतता राखा. लई मोटं कोर्ट हाय तुमचं, सायब. हितं आंधळं कोन, त्याचा निकाल आदी लावा. माज्या नवऱ्याचं मंग बगू."

खिडकीबाहेर बद्रुन्निसानं तोंडात पदर कोंबला. कानिफनाथाचा रंग उडाला. क्षणभर सारी कचेरी, म्हणजे सारं वाचनालय, स्तब्ध झालं.

मग साहेबांनी टाळी वाजवली. काकासाहेबांनी वाजवली. सगळ्यांनी वाजवली.

"काय अस्खलित वाचन," साहेब डोळे टिपत म्हणाले. "आणि काय प्रभावी पुस्तक निवडलंय. कोर्टाच्या कामकाजावर दिसतंय." त्यांनी शेरेबुकात स्वहस्ते लिहिलं: अंध वाचक पूर्णतः स्वावलंबी झाल्याचे पाहून परम संतोष वाटला. वाचून दाखविणाऱ्या व्यक्तीची आवश्यकता यापुढे राहिलेली नाही.

जीप गेल्यावर बद्रुन्निसा धावत आली. "मावशी, खरंच हुतं का वो ते पुस्तकात?"

"कोरं हुतं," बनुबाई म्हणाली. "तुज्या दादल्याचा हात लई साफ हाय."

बद्रुन्निसाच्या तोंडचं हसू गेलं. तिनं पुढं होऊन कानिफनाथाला स्पष्टच विचारलं. वाचून दाखवायचं नाही तर नाही. ती स्वतः सभासद होते, वर्गणी भरते, कादंबरी घरी नेते. घरी नेलेलं पुस्तक कुणाला ऐकू जातं, ते तर वाचनालय बघत नाही?

कानिफनाथ खाली बघत म्हणाला, "पुस्तक सध्या विभागाच्या कामात गुंतलंय, भाभी."

"कसल्या कामात?"

तो आत वळला. त्या दिवसापासून मात्र बनुबाईला विभागात रोज दुपारी बसावं लागू लागलं. अनुदानाचा पुढचा हप्ता हजेरीवर होता, आणि सबंध पंचक्रोशीत तिथं बसायला लायक माणूस तेवढंच होतं. कुलूपबंद कपाटाशेजारी जमिनीवर ती एकटी बसे. एके दुपारी पाय मोकळे करताना तिचा हात कपाटाच्या पायापाशी गेला. फरशी तिथं खचलेली होती, म्हणून पायाखाली काहीतरी सारून कपाट समतोल केलं होतं. जाडजूड. तिनं कडेनं बोट फिरवलं. पुठ्ठा. पुठ्ठ्याला टाके. दुहेरी, मशीनच्या दोऱ्याचे.

"कानिफा," तिनं हाक मारली. आवाज मोठा नव्हता. "मालती हितं हाय व्हय रं?"

कानिफनाथ दारात येऊन उभा राहिला. "मावशी, काकासाहेब म्हनले, वहीत बगून सर्वांत जाड आन् कुनी कदीच न नेलेलं पुस्तक काड. वहीत तुमच्या पुस्तकाची एक पन नोंद न्हाई. मी काय करू?"

"आता काड की भाईर."

"कपाट हालवायला जिल्ह्याची परवानगी लागती. सरकारी वस्तू हाय. मागंच अर्ज धाडला हुता. उत्तर आलं, सदरहू कपाटाचा पाया भक्कम असल्याचे समक्ष पाहनीत आडळून आले आहे."

बनुबाई भिंतीला टेकून बसली आणि बोट त्या टाक्यांवर तसंच राहू दिलं. अजूनही ती तशीच बसते. दुसऱ्या गावांची मंडळं आदर्श विभाग पाहायला येतात. आजी वाचनात गढल्या आहेत म्हणून पाय न वाजवता परत जातात. खिडकीबाहेर बद्रुन्निसा सदऱ्यांना काजं करत उभी असते. तिला दिसतं, म्हणून ती बाहेर. मालती मान वर करून कोर्टात उभी आहे, डोक्यावर कपाट घेऊन.

गावात ज्याला त्याला याचं वाईट वाटतं. कपाट काही इतकं जड नाही, चार माणसांनी उचलण्यासारखं आहे, असं प्रत्येक जण दुसऱ्या तिघांची वाट पाहत म्हणतो.

तुम्हीही तेच म्हणालात. ही गोष्ट तुम्ही मनातल्या मनात वाचलीत, ओठसुद्धा हलू दिला नाहीत. नियम चांगला अंगवळणी पडलाय. मधेच तुम्हाला हसू आलं, तेव्हा घरातल्या कोपऱ्यातून कुणीतरी विचारलंही, "काय एवढं वाचणं चाललंय?"

आणि तुम्ही म्हणालात, "काही नाही."