बंद गाडीचा धूर

मास्तरांची गाडी धूरचाचणीत दुसऱ्यांदा नापास झाली. भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी जन्मभर लोकांची मुलं नापास केली होती. पण स्वतःच्या घरात नापास होण्याचा प्रकार पहिल्यांदाच घडत होता. त्यामुळे बातमी कशी सांगावी हे त्यांना समजेना.

"आता?" त्यांच्या पत्नीने, बाईंनी, विचारलं.

"आता तिसरी संधी. तीही गेली की गाडी भंगारात."

बाई मटार सोलायच्या थांबल्या. पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता. मुलाची गाडी, शेजाऱ्यांची गाडी, टॅक्सी, सगळीकडे प्रयत्न करून झाले होते. प्रत्येक ठिकाणी बाई अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर. या म्हाताऱ्या गाडीची पुढची सीट मात्र थेट मागच्या सीटला टेकेपर्यंत सरकायची आणि पाय ऐसपैस पसरता यायचा. व्यायामाला, बहिणीकडे, कंटाळा आला की उगाच तळ्यापर्यंत, सगळं हिच्याच जिवावर चालायचं.

"म्हणजे मी आता खिडकीत बसून कावळे मोजायचे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलू लागल्या.

मास्तर तडक फिटरकडे गेले. फिटरला गल्लीत सगळे डॉक्टर म्हणत, कारण तोही कुठल्याही तक्रारीवर "बदलून बघू" असंच सांगायचा. त्याने प्लग बदलून बघितले, फिल्टर बदलून बघितला, कार्बोरेटर उघडून धुतला, अख्खा सायलेन्सर नवा बसवला. शेवटी इंजिन सुरू करून त्याने धुराच्या तोंडाशी आपला पांढरा रुमाल धरला. रुमाल पांढराच राहिला. फिटरने त्याच रुमालाने तोंड पुसून दाखवलं.

"मास्तर, आता नापास झाली तर मी धंदा सोडतो," तो म्हणाला. हे तो आधीच्या दोन्ही वेळीही म्हणाला होता.

"या वेळी मी येणार," बाईंनी जाहीर केलं. "नापास कसे करतात ते मला बघायचंय."

चाचणी केंद्र म्हणजे तीन बाजूंनी बंद अशी पत्र्याची शेड. दारावर सूचना होती: 'चाचणीसाठी इंजिन गरम असणे बंधनकारक आहे. रांगेत इंजिन बंद केल्यास क्रमांक रद्द होईल.' त्यामुळे कोपऱ्यापलीकडे वळलेली अख्खी रांग गुरगुरत उभी होती. आपण धूर सोडत नाही हे सिद्ध करायला आलेली ती सगळी वाहनं, नंबर येईपर्यंत दुसरं काही काम नसल्यामुळे, धूर सोडत होती. आतल्या भिंतीवर स्वच्छ हवेबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं. काजळीमुळे त्यातला फक्त 'स्वच्छ' हा शब्द झाकला गेला होता.

नंबर आला. तपासनीसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि नेमकी त्याच क्षणी गाडी बंद पडली. यंत्र मात्र किंचाळलं. नापास.

"अहो साहेब, गाडी बंद आहे!" मास्तर म्हणाले.

तपासनीसाने वाकून खात्री केली. "बंद असताना एवढा," तो गंभीर झाला, "तर सुरू झाल्यावर किती असेल!"

"साहेब," बाई आतूनच म्हणाल्या, "ती नळी जरा बाहेर काढून धरा बघू."

तपासनीसाने नळी हवेत धरली. यंत्र त्याच जोमाने किंचाळलं.

"बघा! हवाच नापास आहे!"

"हवा आमच्या कक्षेत येत नाही, बाई. हवेला नोंदणी क्रमांक नसतो."

"पण नळीत तीच शिरतेय ना!"

"शिरू दे. नळी तुमच्या गाडीत असताना जी हवा सापडेल, ती तुमची."

मास्तरांनी हात जोडून एकदा गाडी सुरू करून तपासण्याची विनंती केली. गाडी सुरू झाली, आणि आकडा चक्क खाली आला, पण पास होण्याइतका नाही. तपासनीसाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्हणजे तुमची गाडी धूर पिते?"

"तसंच दिसतंय."

"मग प्रकरण जास्त गंभीर आहे. त्याला वेगळा परवाना लागतो."

पण तपासनीस माणूस वाईट नव्हता. त्यालाही घरी खोकणारी आई होती. आवाज खाली आणून तो म्हणाला, "रांगेतल्यांना दोन मिनिटं इंजिन बंद करायला लावा. हवा जरा निवळली की पुन्हा घेतो. क्रमांक कोणाचा जाणार नाही, माझा शब्द. फक्त लेखी मागू नका."

मास्तर धावतच निघाले. पहिला म्हणाला, "मीच का? मागच्यांना सांगा." मागचा म्हणाला, "पुढचा करत असेल तर करतो." तिसरीने काच बोटभर खाली केली, "बाहेर केवढा धूर आहे, काका! एसी बंद केला तर आत जीव जाईल," आणि काच वर केली. मग एक करडी गाडी होती. तिच्यातल्या माणसाने मोबाइलवरून नजर वर केली, मास्तरांना काहीतरी विकणारा समजून 'नको, नको' असा हात हलवला आणि पुन्हा मान खाली घातली. आवाज चढवला की वर्ग चिडीचूप करणारे मास्तर त्या बंद काचेसमोर हात जोडून उभे राहिले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकही इंजिन बंद झालं नाही. गाडी तिसऱ्यांदा नापास झाली.

न्यायला क्रेन आली, ती काळाकुट्ट धूर ओकतच. "हिची चाचणी कधी झाली?" मास्तरांनी विचारलं.

"सरकारी आहे. ती धूर सोडत नाही," तपासनीस म्हणाला. "बाई, उतरा आता."

"गुडघा वाकत नाही. वेळ लागेल."

"किती?"

"तीन-चार वर्षं."

तपासनीसाने नियम चाळले. वाहन आतील सामानासह ताब्यात घ्यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्याने नोंद केली: 'सामान: पत्नी, एक.' मास्तर स्टिअरिंगवर जाऊन बसले. तपासनीसाने खोडून 'दांपत्य' केलं.

क्रेनने गाडीचं नाक उचललं आणि वरात रांगेच्या कडेने निघाली. मास्तरांनी बाईंचा हात धरला. "तळ्यावरून घ्यायला सांगू का त्याला?"

बाई खुदकन हसल्या. मग पदराने डोळे पुसू लागल्या. धुराने झोंबतात, म्हणाल्या.

ती करडी गाडी तुमची होती. मास्तर हात जोडून उभे होते तेव्हा तुम्ही काच खाली केली नव्हती. आता मात्र लगेच केलीत, फोटो काढायला. फोटो छान आलाय. उचललेली गाडी, आत ताठ बसलेली म्हातारा-म्हातारी, भोवती धूरच धूर. त्याखाली तुम्ही लिहिलंत, 'असले खटारे रस्त्यावर आणतातच कशाला लोक? आपल्या मुलांनी श्वास कसा घ्यायचा?' लिहून होईपर्यंत तुमचं इंजिन सुरूच होतं.