शिंगानं दाबलेलं बटण

लास वेगासमधलं रेव्हनफ्योर्ड हॉटेल ज्यानं बांधलं, त्याच्यापेक्षा मला ते जास्त ठाऊक आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो! चाळीस वर्षं जातोय मी तिथे. बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला आणि आत सगळे नोकर जुन्या समुद्री लुटारूंच्या वेशात, अंगावर केसाळ कातडी आणि डोक्यावर शिंगांची टोपी. बियर आणून देणारी पोरगीसुद्धा कमरेला कुऱ्हाड लावून येते. डोळे बांधून सोडलं तरी मी तळमजल्यावरच्या लाकडी जहाजापर्यंत बरोबर पोचेन, अशी पैज मी बायकोशीच मारली होती.

त्या जहाजावर लग्नं लागतात. आमचंही तिथेच लागलं. त्या दिवशी मी पत्त्यांच्या टेबलावर अडकलो आणि लॉर्ना पन्नास मिनिटं हातात फुलं धरून उभी राहिली. ही गोष्ट जेवताना निघाली नाही, असा एकही सण आमच्या घरी आजवर झालेला नाही. आता लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून तिला त्याच जहाजावर पुन्हा शपथा घ्यायच्या होत्या. दुपारी तीनची वेळ मिळाली.

"ऑर्विल," ती म्हणाली, "तीन म्हणजे तीन. या वेळी मी उभी राहणार नाही. सरळ रीनोला बहिणीकडे जाईन आणि तिथेच राहीन."

ती थट्टा करत नव्हती. बॅग गाडीत ठेवलेली मी स्वतः पाहिली होती.

म्हणून पावणेतीनलाच मी तयार! भाड्याचा केसाळ झगा, भाड्याची टोपी, आणि तिला दोन्ही बाजूंना वीतभर शिंगं. लिफ्टपासून जहाजापर्यंत चालायला चार मिनिटं लागतात. मधे फक्त जुगाराच्या मशीनांच्या रांगा. मी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण एका मशीनसमोर बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या बाईंनी माझा झगा ओढला. ब्यूला त्यांचं नाव. सकाळच्या न्याहारीपासून तिथेच बसल्या होत्या आणि आता त्यांना अगदीच थांबवत नव्हतं. दोन मिनिटं जागा धराल का, म्हणून विचारत होत्या.

अशा वेळी नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. जागा धरायची म्हणजे खुर्चीत बसायचं आणि मशीनला बोटही लावायचं नाही. मी नाही लावलं! दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून शहाण्यासारखा बसलो. तेवढ्यात बुटाची नाडी सुटलेली दिसली. बांधायला वाकलो आणि उजवं शिंग बटणावर बसलं.

पुढं जो काही घंटांचा गजर सुरू झाला! दिवे, तुताऱ्या, पडद्यावर नाचणारी जहाजं! सहा हजार डॉलर! मी आनंदानं टुणकन उडालो. मग ध्यानात आलं की मशीन माझं नाही, आणि तसाच खाली बसलो.

एवढी रक्कम लागली की मशीन कुलूपबंद होतं आणि माणूस कागद घेऊन येतो. डेस्मंड नावाचे साहेब आले, कमरेला कुऱ्हाड.

"बटण कोणी दाबलं?"

"शिंगानं."

"शिंग कोणाचं?"

"हॉटेलचं. भाड्यानं घेतलंय."

"आणि डोकं?"

"डोकं माझंच."

"मग जॅकपॉट तुमचा," डेस्मंड म्हणाले. "ज्यानं दाबलं तो जिंकला, असा नियम आहे. कॅमेऱ्यात बघून कागद आणतो. पंधरा मिनिटं. उठून गेलात तर पैसे अडकतील."

इतक्यात ब्यूलाबाई परतल्या. आधी त्यांनी मला चोर ठरवलं. पैसे त्यांनाच देणार म्हणून मी गळ्याशपथ सांगितलं, तेव्हा नुसता लबाड ठरवलं, आणि झगा दोन्ही मुठींत घट्ट धरला. तीनला चार मिनिटं होती. पळावंसं फार वाटलं. पण बाईंची सगळी सकाळ त्या मशीनच्या पोटात गेली होती, आणि मी उठलो असतो तर ती तिथेच राहिली असती. लॉर्नाला फोन लावला, तर त्या गजरात माझं मलाच ऐकू येईना. बसलो घाम पुसत.

तीन वाजून आठ मिनिटांनी लॉर्ना आली. पांढरा झगा, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. मागोमाग लग्न लावणारा किप, सुटलेली दाढी हातानं धरून.

"या वेळी पत्ते नाहीत निदान," लॉर्ना म्हणाली.

मी आणि ब्यूलाबाई एकदमच बोलायला लागलो. तिनं मला गप्प केलं आणि ब्यूलाबाईंना विचारलं, "पैसे तुम्हाला देणार म्हणाला का हा?"

"म्हणतायत खरं. म्हणून तर सोडत नाहीये मी."

लॉर्नानं किल्लीकडे पाहिलं. मग ती किपला म्हणाली, "इथेच लाव."

किपला पुढचं लग्न वीस मिनिटांनी लावायचं होतं, त्यानं वेळ दवडला नाही. मला विचारलं, तेव्हा मी इतक्या जोरात हो म्हणालो की शेजारच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात परतलेल्या डेस्मंडनी कागद पुढे केला, मी सही केली. पैसे बाईंचे, कर माझ्या नावावर! मग किपनं लॉर्नाला विचारलं.

ती बोटाभोवती किल्ली फिरवायला लागली. भोवती माणसं गोळा झालेली. ब्यूलाबाईंनी माझ्यासमोर दहा डॉलर 'नाही'वर लावले. शेवटी लॉर्ना माझ्याकडे बोट दाखवून बोलली, तीही त्यांच्याशीच.

"चाळीस वर्षं या मशीनमध्ये घालतेय मी. आता उठले आणि दुसरीच कोणी येऊन बसली, तर?"

"मुळीच उठू नका," ब्यूलाबाई कळकळीनं म्हणाल्या. "तिला लगेच लागेल."

लॉर्नानं किल्ली पिशवीत टाकली. किपनं घड्याळाकडे पाहिलं आणि तेच 'हो' म्हणून लिहून घेतलं.