नळाच्या साखळीतलं शेवटचं दार

मुख्तारसाहेब दाढी करायला गेले, की आधी सलूनच्या दारात उभे राहून लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर चौकोन आणि बाण काढतात. कोण आलं, कुठं बसलं, वस्तरा कुठून कुठं गेला. मागं एकदा न्हावी वैतागला. "साहेब, दाढी करायची का जमिनीची मोजणी?"

"दाढीच करायची, मियाँ. पण तुझ्याकडं गिऱ्हाईक तीनदा उठतं. एकदाच उठलं पाहिजे."

ते आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात एकटेच राहतात. सगळी नोकरी चिकलठाण्याच्या कारखान्यात, सिस्टीम इंजिनिअर म्हणून. निवृत्तीनंतर यंत्रं सुटली, तेव्हा त्यांनी पोस्ट, रेशन, लग्नाची पंगत, दवाखान्याची रांग असं सगळं तपासायला घेतलं. त्यांचा सिद्धांत मला पाठ आहे.

"वहिनी, पंखा बनवून गोदामात ठेवता येतो. कटिंग बनवून कपाटात ठेवता येती का? घेणारा समोर नसंल तर सेवा बनतच नाय. गिऱ्हाईक बी सिस्टीमचा पुर्जा हाय."

मला याद्यांचा नाद, त्यांना बाणांचा, आमचं जमलं. आमच्याकडं नळ काही दिवसांआड येतो, वेळेचा भरवसा नाही. त्यावर साहेबांनी साखळी बसवली. पाणी सोडणारा पहिल्या घराला सांगणार, पहिलं घर दुसऱ्याचं दार वाजवणार, असं बाराव्यापर्यंत. त्याचं चित्र काढून प्रत्येकाला दिलं. अकरावं घर माझं, बारावं त्यांचं.

"साखळी तुमची, पहिला नंबर तुम्हीच घ्या की," मी म्हटलं.

"नाय नाय. मी शेवटीच बरा."

साखळीत खोट एकच. त्यांचं दार वाजवलं की माझी वीस मिनिटं जायची. चहा, खारी, वर नवा नकाशा. तोवर इकडं माझी टाकी भरून वाहायची. शेवटी मी फोनवर गल्लीचा ग्रुप केला. एका निरोपात बारा घरं! सगळे खूश. साहेबांनी माझी योजना नीट तपासली आणि म्हणाले, "लई फस्टक्लास. कुणाला चालायला नको."

पुढं एकदा पाणी आलं, पण त्यांच्या मोटारीचा आवाज येईना. फोनही उचलेनात. मी गेले. साहेब दाराशी खुर्ची टाकून बसलेले. हातात फोन, त्यावर माझाच निरोप. टेबलावर दोन कप पालथे घातलेले.

"अहो, पाणी आलंय! निरोप बघितला नाही?"

"बघितला ना."

"मग?"

"दार नाय वाजलं," ते म्हणाले आणि गडबडीनं मोटार लावायला उठले.

त्यांच्या दारामागं साखळीचं मूळ चित्र होतं. माझ्या प्रतीत बाण बाराव्या घरापाशी संपतो. इथं मात्र बाराव्याकडून अकराव्याकडं एक बाण परत येत होता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: चहा.

घरी येऊन मी ग्रुपमधून त्यांचा नंबर काढून टाकला. माझ्या यादीत आता नळाच्या दिवशी वीस मिनिटं राखलेली असतात. टाकीचा कॉक बंद करते आणि जाऊन दार वाजवते.

आत त्यांची मोटार आधीच घुरघुरत असते. साहेब दार उघडतात, भुवया उंचावतात.

"अरे! पाणी आलं व्हय?"