शर्टातली बाई आणि दोन डोंगर

प्रत्येक गावाला दोन डोंगर असतात. भूगोलाला हे अजून कळलेलं नाही, पण चित्रकलेत ते केव्हाच सिद्ध झालं आहे. दोन डोंगरांच्या मधून सूर्य उगवतो, सूर्याखालून नदी निघते, वळणं घेत कौलारू घरापाशी येते आणि घराशेजारी नारळाचं झाड असतं. आकाशात पक्षी असतात, ते मास्तरांनी केलेल्या बरोबरच्या खुणेसारखे दिसतात. नदीकाठाने एक बाई डोक्यावर घागर घेऊन चाललेली असते. (नदी घरासमोरच असताना ती पाणी घेऊन नेमकी कुठे निघाली आहे, हे पहिलीतलं पोरही विचारत नाही. म्हणूनच त्याचा पहिला नंबर येतो.)

प्रांजलीच्या गावात यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या अलीकडचं (नाव मुद्दाम देत नाही, समिती अजून बरखास्त झालेली नाही), आणि तव्यासारखं सपाट. सूर्य उगवायचा, पण मोबाइलच्या टॉवरमागून. नदी होती, पण ती पावसाळ्यात कामावर यायची आणि दिवाळीच्या आत रजेवर जायची. नारळ फक्त मारुतीपुढे फुटायचे.

असल्या सदोष गावातून प्रांजली जालन्याला इलस्ट्रेशनचा डिप्लोमा करायला आली. जालना सोन्याचा पाळणा, असं जुनी माणसं म्हणतात. नर्सिंगच्या दोन पोरींबरोबर तिने घेतलेल्या खोलीत पाळणा टांगायलाही जागा नव्हती. गावाकडचे लोक विचारायचे, "शिकून काय करनार?" ती म्हणायची, "चित्रं काढणार." मग ते म्हणायचे, "ते बराबर हाय, पर काम काय करनार?"

काम तिला शहरात लगेच मिळालं. जालन्यात बियाण्यांचा मोठा धंदा, आणि बियाण्याच्या पाकिटाला चित्र लागतं. संध्याकाळी ती एका छापखान्यात पाकिटांवर कापसाची बोंडं काढायची. नियम एकच होता, बोंड माणसाच्या डोक्यापेक्षा मोठं दिसलं पाहिजे. एकदा चुकून तिने खऱ्या मापाचं बोंड काढलं. मालक रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पोरी, हे पाहून पाकीट कोन घेईन? असं बोंड तर त्याच्या वावरात हायेच."

कॉलेजात मात्र उलटा कारभार होता. तिथे सोमेश्वर सर होते आणि त्यांचं एक तत्त्व होतं, 'आधी पाहा, मग काढा.' त्यांच्या सांगण्यावरून प्रांजली रोज सकाळी बसस्टँडवर बसून जिवंत माणसं काढायची. माणसं जिवंत असल्यामुळे हलायची, वही ओढून घ्यायची आणि "नाक असं काहून काढलं?" असं विचारायची. नाक तसंच असायचं. पण वर्षभरात तिचा हात असा बसला की, पिशवी धरलेल्या पंजावरून बाई भोकरदनच्या बसला थांबली आहे की अंबडच्या, हे ओळखू यावं. सरांनी वर्गात तिचं कौतुक केलं. ते त्यांनी मनापासून केलं होतं, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

शेवटच्या वर्षी 'आदर्श ग्राम भिंतीचित्र योजना' आली. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावाचं चित्र काढायचं, समितीने ते मंजूर करायचं आणि मग ते त्याच गावाच्या भिंतीवर रंगवायचं. वर्षाचे निम्मे मार्क या एका चित्राला. समितीचे सदस्य-सचिव सोमेश्वर सर. योजनेचा हेतू असा होता की, गावाला आपण कसे दिसतो हे कळावं.

प्रांजलीला काय काढायचं याचा विचारच करावा लागला नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती आईमागे वावरात गेली. आईचं नाव बेबीनंदा. कापूस वेचायला जाताना ती साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा, निळ्या चौकड्यांचा शर्ट घालायची. तिकडे सगळ्याच बाया घालतात, कारण वाळल्या बोंडाचं टोक हाताला ओरबाडतं. गावात शर्टाची नोकरी ठरलेली असते. आधी लग्नाकार्यात, मग बाजारात, मग वावरात आणि शेवटी बायकोच्या अंगावर. (पेन्शन नाही.) गळ्यात मोबाइलची पिशवी, पायात प्लास्टिकचे बूट, आणि मागे बायांना घेऊन आलेला छोटा टेम्पो.

"मला काहून काढून राह्यली?" आई म्हणाली. "त्या साखराबाईला काढ. गोरी हाय."

"मला तूच पाहिजे."

"मंग थांब, शर्ट काढून ठिवते. चांगली साडी नेसून येते."

"शर्टच राहू दे, आई."

"लोकं हसतेन की माय. गावाच्या भितीवर बाई, अन् अंगात मानसाचा शर्ट?"

"हसले तर मला हसतील."

बेबीनंदाने थोडा विचार केला. मग पाठ ताठ केली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. तिने केलेली तयारी एवढीच. प्रांजलीने ते बटण फार प्रेमाने रंगवलं.

समितीची पहिली त्रुटी पंधरवड्याने आली. 'सदर गावात डोंगर आढळून येत नाहीत. विद्यार्थिनीने ते विनाविलंब उपलब्ध करून द्यावेत.' प्रांजलीने दोन डोंगर दिले. मग नदी कोरडी असल्याचं निदर्शनास आलं, तिने पाणी सोडलं. टेम्पोमुळे ग्रामीण वातावरण दूषित होत असल्याने त्याच्या जागी बैलगाडी जोडली. मोबाइलची पिशवी गळ्यातून जाऊन तिथे पुतळ्यांची माळ आली, बूट जाऊन पैंजण आले आणि वेचणीची झोळी सुटून डोक्यावर घागर चढली. कापूस वेचताना डोक्यावर घागर कशाला, असं तिने विचारलं. पुढच्या बैठकीत कापूस काढून टाकण्यात आला.

राहिला शर्ट. 'महिलेने पुरुषाचा पोशाख परिधान केल्याने पाहणाऱ्याच्या मनात संभ्रम निर्माण होतो,' असा शेरा होता. प्रांजली सरांना भेटली. बोंडाचं टोक, ओरबाडलेले हात, सगळं सांगितलं. म्हणाली, "सर, मी आधी पाहिलं, मग काढलं."

सर कळवळले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "खरं असेल गं. पण पटत नाही. चित्र म्हटलं की पटायला पाहिजे. आणि निम्मे मार्क आहेत, बाळा."

ती खोलीवर आली आणि शर्टावर हिरवी साडी चढवली. बाह्या आधी झाकल्या, मग चौकड्या. वरचं बटण सगळ्यात शेवटी झाकलं. त्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली. चित्र मात्र एकमताने मंजूर झालं.

गावात वेशीजवळच्या भिंतीवर तिने ते रंगवलं. लोकांना फार आवडलं. एक म्हातारबा बराच वेळ पाहत उभे होते. म्हणाले, "लई भारी गाव हाय. कोकनातलं हाय का?" आपलंच आहे, असं सांगितल्यावर म्हणाले, "असं का! मंग बराबर हाय."

सरपंच रामराव हे कायद्याचं बोट धरून चालणारे गृहस्थ. त्यांनी विचार केला, चित्र सरकारी शिक्क्याचं, म्हणजे ते चूक असणार नाही. चित्र आणि गाव जुळत नसेल तर चूक गावाची आहे. त्यांनी रस्त्याच्या कडेने नारळाची रोपं लावली (उन्हाळ्यापर्यंत काही जगलीही). शेततळ्यातून निघालेल्या मुरुमाचे पूर्वेला दोन ढिगारे घातले. सूर्य मधून येतो की नाही हे पाहायला पहाटे एक माणूस बसवला. सूर्य जरा डावीकडून येतो असा त्याचा अहवाल आला, तेव्हा ढिगारा सरकवण्यात आला. सूर्याला नोटीस द्यायचं मात्र टाळलं, कारण तो तालुक्याच्या हद्दीबाहेरून उगवतो.

पाहणीच्या दिवशी समिती आली. सोबत जालन्याचा फोटोग्राफर बबलू. अहवालाला एक फोटो हवा होता, भिंतीवरच्या चित्रापुढे गावातली बाई, डोक्यावर घागर. गावात घागर सापडेना, सगळीकडे प्लास्टिकचे हंडे. अखेर एका घरातून रुखवतातली घागर निघाली. ती घ्यायला सरपंचांची सून मीना तयार झाली. ती मोठ्या शहरात बँकेत असते, सुट्टीला आली होती आणि नऊवारी तिला मोबाइलवर बघून नेसवण्यात आली.

तेवढ्यात बेबीनंदा वावरातून तशीच आली. शर्ट, बूट, गळ्यात पिशवी. लेकीने आपल्याला कसं काढलंय, ते तिला बघायचं होतं. ती भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

"ओ मावशी, बाजूला व्हा जरा," बबलू म्हणाला. "गावातल्या बाईचा फोटो घ्यायचाय."

बेबीनंदाने मागे वळून पाहिलं. दुसऱ्या कोणाला म्हणतोय असं तिला वाटलं. मागे कोणी नव्हतं. ती बाजूला झाली आणि लेकीपाशी येऊन हळूच म्हणाली, "प्रांजे, भितीवर मी हाय ना?"

"हो."

"मंग मला काहून बाजूला केलं?"

याचं उत्तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. भिंतीशी नदीचा उरलेला निळा रंग डब्यात होता. प्रांजलीने स्टूल ओढलं, वर चढली आणि सगळ्या समितीदेखत चित्रातल्या घागरवाल्या बाईच्या अंगात शर्ट घालायला सुरुवात केली. आधी बाह्या, मग चौकड्या. सोमेश्वर सरांनी तोंड उघडलं, पण ते तसंच उघडं राहिलं. मीनाने घागर खाली ठेवली. वेचणीहून परतणाऱ्या बाया थांबल्या. सगळ्यांच्या अंगात शर्ट होते. त्यांच्यातली साखराबाई भिंतीकडे बघून ओरडली, "अगं बया, ही तर बेबी हाय!"

बेबीनंदा हात कमरेवर ठेवून बघत राहिली. मग स्टुलाजवळ येऊन म्हणाली, "वरचं बटन लाव माय. उघडं बरं दिसत न्हाई."

प्रांजलीने बटण लावलं.

समितीचा अहवाल आला आहे. 'भिंतीवरील महिला सदर गावातील नसावी,' असं त्यात नमूद आहे. भिंतीला चुना मारण्याची शिफारस आहे आणि प्रांजलीचे मार्क राखून ठेवले आहेत. मात्र सोमेश्वर सरांनी आपली सगळी हिंमत गोळा करून शेवटी एक ओळ घालून घेतली की, अंतिम निर्णयापूर्वी जनतेचं म्हणणं विचारात घ्यावं. तेव्हा भिंतीवरच्या त्या बाईबद्दल हरकती मागवल्या आहेत.

हे वाचून तुम्हाला समितीचं हसू आलं असेल आणि प्रांजलीच्या बाजूने लिहावंसं वाटत असेल. तसदी घेऊ नये. समितीला पत्रं नकोत, तिची पद्धत साधी आहे. एक पेन्सिल घ्या आणि हाताशी येईल त्या कागदावर, फार विचार न करता, एक गाव काढा. हात वर जाईल, खाली येईल, पुन्हा वर जाईल, पुन्हा खाली येईल. मधे काय काढायचं ते तुम्हाला सांगायला नको.

दोन डोंगर आले असतील तर तुमची हरकत समितीला पोहोचली असं समजावं. पोच वेगळी दिली जाणार नाही.