दुरुस्तीवाल्या बाईंच्या पॉडकास्टमधला परका आवाज

‘गरुडाची नजर, पोलादी मनगट, अथांग बुद्धी आणि दगडी मौन या चार गुणांचा एकाच देहात झालेला दुर्मिळ संगम’ असं भावोजींच्या खाजगी गुप्तहेर कचेरीच्या कार्डावर छापलं होतं. मजकूर भावोजींचा, छपाईचा खर्च मेहुण्याचा. विनय हा पाचवा गुण कार्डावर जागा उरली नाही म्हणून गाळावा लागला, असं भावोजी येईल त्याला आवर्जून सांगत. दगडी मौन ते हेच.

मेहुणा हा त्या कचेरीतला सहायक, कारकून, शिपाई आणि दुसरं कुणी सापडेना तेव्हा पहिला संशयित. “ह्यांच्याबरोबर जरा राहा रे, निदान रस्ता ओलांडताना हात धर,” एवढंच ताई त्याला म्हणाली होती. त्याला अकरा वर्षं झाली. हात अजून सुटला नव्हता.

त्या दिवशी दार उघडून एक बाई आत आल्या. खिशात स्क्रूड्रायव्हर, बोटांना ग्रीस.

“बसा,” भावोजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तुमचा नवरा हरवलाय.”

“नवरा घरी भांडी घासतोय.”

“मग दागिने चोरीला गेलेत.”

“मी दागिने घालतच नाही.”

“घालणार कुठून? चोरीला गेलेत ना!” भावोजींनी मेहुण्याकडे विजयी नजर टाकली. “लिहून घे.”

मेहुण्यानं वहीत लिहिलं : ‘दागिने नाहीत.’ ते खरंही होतं.

बाईंचं मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान चालेना, कारण इस्त्री बिघडली की लोक इस्त्रीच बदलत. म्हणून त्यांनी ‘फेकू नका’ नावाचा पॉडकास्ट सुरू केला.

“पॉडकास्ट म्हणजे?” भावोजींनी विचारलं.

“रेडिओच, पण स्टेशन नसलेला,” मेहुणा म्हणाला.

“बेकायदेशीर! मला वाटलंच.”

पॉडकास्टमध्ये बाई दर आठवड्याला एक वस्तू उघडायच्या आणि आत काय बिघडतं, घरच्या घरी काय नीट करता येतं ते सांगायच्या. त्यांचा एक नियम होता. जी वस्तू स्वतः उघडून आतून बघितली नाही, तिची जाहिरात करायची नाही. मध्यंतरी एक वाढतज्ज्ञ भेटला होता. पॉडकास्ट कसा वाढवावा हे तो फी घेऊन सांगायचा. त्याचा स्वतःचा पॉडकास्ट त्याची आई ऐकायची. तो म्हणाला होता, “दर भागात एकदा रडा. जमत नसेल तर नवऱ्याशी भांडा. आणि मिळेल ती जाहिरात घ्या.” बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. ऐकणाऱ्यांनाच त्या म्हणाल्या, “उपयोग झाला तर महिन्याला काहीतरी द्या.” आणि नवल म्हणजे लोक देऊ लागले. तीनशे चाळीस मेंबर झाले. दुकानाचं भाडं त्यातून सुटू लागलं.

“आणि गेल्या दोन आठवड्यांत एकसष्ट जण सोडून गेले,” बाई म्हणाल्या. “म्हणतात, माझ्या कार्यक्रमात मधेच कसल्याशा भिकार जाहिराती लागतात. मी एकही घेतलेली नाही हो! काल एका आजोबांनी लिहिलं, ‘बाई, तुम्हीसुद्धा विकल्या गेलात.’ असं चाललं तर पुढच्या महिन्यात दुकान बंद. पण दुकानाचं एक वेळ जाऊ दे. त्या आजोबांना मी काय उत्तर देऊ? उद्या संध्याकाळी नवा भाग रेकॉर्ड करायचाय.”

“उद्या दुपारपर्यंत गुन्हेगार तुमच्या पायाशी असेल,” भावोजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी बाईंच्या पायाशी होते. बाई ज्यात बसून रेकॉर्डिंग करायच्या ते कपड्यांचं कपाट होतं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आत चारी बाजूंनी रजया ठोकलेल्या. भावोजी त्यात रांगत शिरले आणि कमरेपाशी अडकले.

“इथं एकाच माणसाला जागा आहे!” आतून आवाज आला. “म्हणजे जाहिरात बोलणारा माणूस अत्यंत बारीक आहे. लिहून घे!”

मेहुण्यानं आणि बाईंनी एकेक पाय धरून त्यांना बाहेर काढलं. भिंगाखाली धरलेला केस भावोजींच्याच मिशीचा निघाला. तेव्हा त्यांनी बाईंच्या संगणकावरची मूळ फीत ऐकायची ठरवली. बेचाळीस मिनिटं सगळे कान टवकारून बसले. बाई, पंख्याचा कपॅसिटर, पुन्हा बाई. जाहिरातीचं नाव नाही.

“गुन्हेगारानं पुरावा पुसला!”

“पुसला कशाला असेल? त्याला तर ती लोकांना ऐकवायचीय,” मेहुणा म्हणाला.

“तू विचार करू नकोस. आपल्यात एकानं केलेला पुरे.”

मेहुण्यानं गुपचूप तोच भाग स्वतःच्या फोनवर लावला. बाराव्या मिनिटाला बाईंचं वाक्य तुटलं आणि एक गोड आवाज म्हणाला, “टक्कल? आता विसरा!” पुढे केस उगवणाऱ्या तेलाची स्तुती. मेहुण्याचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथं फारसं काही लागलं नाही.

भावोजींनी आपला फोन काढला. बाराव्याच मिनिटाला तोच गोड आवाज, पण आता ढेरी आवळणाऱ्या पट्ट्याबद्दल. बाईंनी शेजारच्या शिंपीणबाईंना लावायला सांगितलं. त्यांना कवळी चिकटवायची पेस्ट ऐकू आली. त्या तोंडावर पदर धरून घरात गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

भावोजी पांढरेफटक पडले. “लक्षात आलं का? गुन्हेगाराला तुझं टक्कल माहीत आहे. तिची कवळी माहीत आहे. आणि माझी...” त्यांनी पोट आत घेतलं. ते फारसं गेलं नाही. “माझ्या कमरेचं माप या जगात एकाच व्यक्तीला ठाऊक आहे.”

“कोणाला?” बाईंनी विचारलं.

“माझ्या पत्नीला. घरचा भेदी! चला.”

ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. परवाने देणाऱ्या कचेरीत खिडकीशी बसून तिनं तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले होते. भल्याभल्यांना ‘मागच्या पानावर सही राहिलीय’ म्हणून परत पाठवलं होतं. भावोजींनी दारातच तिच्याकडे बोट रोखलं. “कबूल कर!”

“करते. तुमचा बनियन फाटलाय, मी तो पुसायला घेतलाय. या हो, बसा,” ती बाईंना म्हणाली. “काय झालं?”

बाईंनी सगळं सांगितलं. ताईनं चिमटा तोंडातून काढला.

“हे लोकांपर्यंत जातं ते कुठून?”

“एक कंपनी आहे. तिच्याकडे चढवलं की ती सगळीकडे पाठवते.”

“तिचा फॉर्म भरला होता?”

“भरला ना. सुरुवातीलाच.”

“वाचला होता?”

बाई वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघू लागल्या.

ताईनं चष्मा लावला. मेहुण्यानं तिला बाईंचं खातं उघडून दिलं. भावोजी येरझाऱ्या घालत बारीक माणसाचं वर्णन सांगत राहिले. अकराव्या मिनिटाला ताईचं बोट थांबलं. “हे बघा. चौथं पान, अगदी खाली. ‘श्रोते हजाराच्या वर गेल्यास कंपनीने योग्य वाटतील त्या जाहिराती मधे लावाव्यात.’ पुढं चौकोनात बरोबरची खूण. दोन आठवड्यांपूर्वी तुमचे हजार ओलांडले असणार.”

“ती मी केलेली नाही!”

“नाही, त्यांनी आधीच करून ठेवलेली असते. काढायची आपण असते.”

“पण प्रत्येकाला वेगळी?” मेहुण्यानं विचारलं.

“रात्रंदिवस फोनवर केसांचे उपाय कोण शोधतं? फोन काय डोळे मिटून बसतो?”

बाईंनी कपाळावर हात मारला. “दिसेल ती वस्तू उघडून बघा असं जगाला सांगत फिरते. आणि हीच एक न उघडता वापरली.” स्वतःचा आवाज ऐकवत नाही म्हणून चढवलेला भाग त्या कधी ऐकतही नसत. ताईनं खूण काढली. टिक् इतकाही आवाज झाला नाही.

“थांबा!” भावोजी म्हणाले. “हे कुणाला सांगू नका. ‘चौकोन राहिला’ हे काय रहस्य झालं? आपण दहा भागांची मालिका करू. आंतरराष्ट्रीय टोळी, बारीक माणूस, मध्यभागी मी. ऐकणारे लाखावर जातील! एकसष्ट गेल्याचं काय घेऊन बसलात?”

बाई लगेच नाही म्हणाल्या नाहीत. मेहुण्यानं ते पाहिलं. लाख ऐकणारे म्हणजे भाड्याची काळजी जन्माची मिटली.

“येतील लाख,” त्या शेवटी म्हणाल्या. “मग त्यांना धरून ठेवायला दर आठवड्याला एक टोळी लागेल. मी टोळ्या कुठून आणू? मला मिक्सर येतो.”

संध्याकाळी त्या कपाटात बसल्या. “चूक माझी आहे. फॉर्म न वाचता भरला. या जाहिरातींचे मला जे पैसे मिळाले, त्यात दोन माणसांचं साधं जेवण होईल. आजोबा, विकली गेले असेन तर फारच स्वस्तात गेले. ते पैसे मी ठेवणार नाही. आता पंख्याकडे वळू.”

आठवड्याभरात एकसष्टपैकी चव्वेचाळीस परत आले. आजोबांनी सोबत त्यांचा बिघडलेला पंखाही पाठवला. दोघांनी ढेरीचा पट्टा कुठे मिळेल अशी चौकशी केली. बाकीचे आले नाहीत. पण त्या महिन्याचं भाडं निघालं.

भावोजींनी मोठ्या मनानं फी सोडली. “पैसे नकोत. तुमच्या पॉडकास्टवर आमच्या कचेरीची जाहिरात करा.”

“करेन की,” बाई म्हणाल्या. “तुमची सेवा मी स्वतः वापरलीय. पण जे पाहिलं तेच सांगेन.”

“तेच तर हवंय!”

पुढच्या भागात बाईंनी जे पाहिलं ते सांगितलं. कपाटापासून चौकोनापर्यंत, काही न गाळता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कचेरीचा फोन वाजू लागला. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. भावोजींनी घसा साफ करून पहिला फोन स्वतः उचलला.

“त्या फॉर्म वाचणाऱ्या बाई आहेत का?” पलीकडून विचारणा झाली.

भावोजींनी मिशीवरून हात फिरवला. “त्या माझ्या हाताखाली काम करतात,” ते म्हणाले, आणि डबा घेऊन आलेल्या ताईनं ऐकलं तर नाही ना, हे त्यांनी हळूच मागे वळून बघितलं.